कठपोरची नाव

कार्तिकात ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघालो, बडवानीपर्यंत पाय सुजले आणि शूलपाणीच्या झाडीत, आपल्याच नंदुरबारच्या डोंगरांत, सूज उतरली. पहिला महिना मी इतक्यातच आटपते. गुजरातेतलं हांसोट मागं पडलं तसा वाऱ्याला खारट वास यायला लागला.

परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला कुठंही ओलांडायचं नाही. म्हणून ती समुद्राला मिळते तिथंच, दक्षिण तटावरच्या कठपोरहून नावेनं समुद्रातून उत्तर तटावर मीठी तलाईला जायचं. नाव सुटते भरतीला. खंभातच्या आखातात पाणी इतकं मागं हटतं की ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखलच. आमची भरती अपरात्रीची होती. दोन वाजता आश्रमात हाक आली, ‘नर्मदे हर! उठा!’

चिखल पोटरीपर्यंत. दंड रोवायचा, एक पाय उपसायचा, मग दुसरा. माझ्याबरोबर लातूरकडच्या एक मावशी होत्या, साठी ओलांडलेल्या. ओंकारेश्वरला भरून घेतलेल्या मैयाच्या जलाची कुपी त्यांनी पदरात गुंडाळून छातीशी धरली होती. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, “मला नंतर धर गं. आधी हिला धर.”

नावेत मात्र माझा संताप झाला. तीस-चाळीस माणसं नीट बसतील एवढ्या जागेत आम्ही दुपटीहून जास्त. जाकिटं कुणालाच नाहीत. मावशी तर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या, पाय हलवायला जागा नव्हती. वाटेत भुकेल्याला कुणी उपाशी जाऊ देत नाही, मग इथंच माणसं अशी का कोंबायची? ‘मैया बघून घेईल’ हे उत्तर मला पटत नाही. उतारू मोजून घ्या, उरलेल्यांना उद्याची भरती द्या. पण मीही तोंड उघडलं नाही. उद्यावर राहण्याची माझीही तयारी नव्हती, ते मला अजून टोचतं.

उजाडलं तेव्हा दोन्हीकडे किनारा दिसेना. पाणी गढूळ, मातकट. मावशींनी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. “खारट झाली गं आपली मैया,” म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग अर्धा तास त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

मीठी तलाईलाही नाव काठापासून लांबच थांबली. पुन्हा चिखल. मी आधी उतरले. मावशींनी वाकून कुपी माझ्या हातात दिली, मी ती नीट धरलीय हे दोनदा पाहिलं आणि मग पाय खाली सोडला.