मी नीट केलेली गाडी

जॉबकार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘ब्रेक ऑइल बदलणे’. त्यावर निळ्या पेनाची आडवी रेघ, शेजारी गिऱ्हाइकाची सही. आठवडा झाला, ते कार्ड गल्ल्यात पडून आहे आणि दिवसातून दोनदा तरी मी ते काढून बघतो.

गिऱ्हाईक म्हणजे इथल्या रामबागेतल्या जुन्या घरातला मुलगा. त्याच्या आजोबांची पद्मिनी माझे वडील दुरुस्त करायचे. याची गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल. मॉडेल सांगत नाही, इंदुरात अशा मोजक्याच आहेत. टर्बोची तापलेली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, हवेच्या नळ्या म्हणजे होज सिलिकॉनचे, रुंद एक्झॉस्ट, खाली बसवलेलं सस्पेन्शन आणि इंजिनच्या संगणकात भरायला कुठल्याशा ट्यूनरने ईमेलवर पाठवलेली फाइल. हे लॅपटॉपवाले गाडीला बोटही न लावता तिचा बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवून देतात. तो जिथून फुटेल तिथे हात काळे करायला आम्ही आहोतच.

रविवारचा बेत सहा गाड्यांचा होता: महू, जाम गेट, महेश्वर. ‘काका, तुम्ही पण चला ना, टूलकिट घेऊन.’ अशा वेळी मी शेवटच्या गाडीत बसतो. पिशवीत पान्यांपेक्षा क्लिपा, केबल टाय, चिंध्या आणि स्कॅनरच जास्त असतात, कारण रस्त्यात इंजिन कुणी उघडत नाही. रस्त्यात सुटतं ते जोडलेलं.

महू ओलांडून मोकळा रस्ता लागला तसा पोराने गाडीचा कान पिळला आणि गाडी बसली. इंजिनचा दिवा पेटला, ताकद गेली. बंद करून चालू केली की दहा मिनिटं बरी, पुन्हा पूर्ण दाबली की तेच. सहा गाड्या, सहा निदानं. एक म्हणाला पेट्रोल खराब, दुसरा म्हणाला कॉइल गेली. ट्यूनरला फोन झाला. त्याने ‘लॉग पाठवा’ म्हणून फोन ठेवला. मी स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला: पी०२९९. संगणक मागतोय तेवढा बूस्ट इंजिनापर्यंत पोचत नाही. म्हणजे हवा मधेच कुठेतरी पळतेय. रखडत रखडत जाम गेट गाठलं.

अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेल्या त्या दरवाज्यापाशी माळवा संपतो आणि रस्ता निमाडात उतरतो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जत्रा असते: भुट्टे, मॅगी आणि ऐन वळणावर गाडी उभी करून सेल्फी काढणारी कुटुंबं. गाडी इतकी खाली की जॅक शिरेना. भुट्टेवालीकडून दोन फळ्या मागून घेतल्या, पुढची चाकं त्यांवर चढवली आणि आडवा झालो.

इंटरकूलरच्या जोडाजवळ तेलकट धुळीचा पंखा उमटला होता. टर्बोच्या हवेत तेलाचा अंश असतोच. हवा फटीतून सुटली की तो बाहेर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. चोर पायाचे ठसे ठेवून गेल्यासारखा. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा, छान चकाकणारा, पण त्याच्या तोंडाला उंचवट्याची कड नाही. ती कड होजला धरून ठेवते. तशी कड न घडवता पाइप विकणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. वर साधी जुबली क्लिप आवळलेली. तिच्या पट्टीने मऊ सिलिकॉन कापलं होतं आणि बूस्ट चढला की तेलकट होज बोटभर सरकत होता.

पाइप आणि होजची आतली बाजू पेट्रोलच्या चिंधीने पार कोरडी केली. होजचं कापलेलं टोक सरळ छाटलं. मग विचारलं, ‘कुणाकडे हेअर स्प्रे आहे का?’ पोरं हसायला लागली, पण एकाच्या बॅगेत निघाला (निघणारच होता, केस बघूनच मी विचारलं होतं). पाइपवर स्प्रे मारायचा, ओला असतानाच होज चढवायचा. चढताना तो साबणासारखा सरकवतो आणि वाळला की गोंदासारखा धरतो. वर पिशवीतली टी-बोल्टची क्लिप. दहा मिनिटं वाळू दिला, कोड पुसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आवडलं मला, खोटं कशाला सांगू.

‘काका, बसा शेजारी. ट्रायल घेऊ.’

पुढे उतार आहे हे दोघांनाही दिसत होतं. मी बसलो. मलाही ती ओढ अनुभवायची होती.

गाडी सुटली ती खरोखर सुटली. दोन वळणांमधल्या तुकड्यात पाठ सीटला चिकटायची आणि वळण आलं की नाक खाली जाईपर्यंत ब्रेक. चार-पाच वळणं झाली. जळक्या पॅडचा वास मला आला होता. मी तोंड उघडणार तोच पोरगा हळू आवाजात म्हणाला, ‘काका, पेडल खाली जातंय.’

‘पंप कर. गिअर खाली घे, दुसरा!’ मी हातब्रेक धरला, बटण दाबून ठेवून थोडा थोडा ओढत राहिलो. एकदम ओढला असता तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी झाली असती. आतल्या बाजूच्या मुरमात चाकं घातली तेव्हा कुठे थांबली. समोरून चढणारा ट्रक शांतपणे हॉर्न देत गेला. मागून मित्र पाण्याच्या बाटल्या घेऊन धावले, धूर निघणाऱ्या डिस्कवर ओतायला. मी ओरडलो. इतक्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर डिस्क तडकू शकते. हातब्रेकही सोडला, चाकांना दगड लावले.

नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल पीत राहतं आणि त्यात पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो. यातली वाईट गोष्ट ही की थंड झालं की सगळं जागच्या जागी येतं. चाळीस मिनिटांनी पेडल दगडासारखं कडक. पोरगा हसून म्हणाला, ‘काका, झालं की ठीक!’ कुठल्याही गॅरेजात नेली असती तर ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत दिली असती.

मी त्याच्याकडून चावी घेतली. खाली मंडलेश्वरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे दहा गाड्यांची शिवीगाळ ऐकत, गाडी मी उतरवली.

दुसऱ्या दिवशी ऑइल काढलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं. ऑइलमधलं पाणी मोजायचा टेस्टर बुडवला तर लाल दिव्यापर्यंत सगळे पेटले. माझा हेल्पर म्हणाला, ‘उस्ताद, अपन ने तो लिखा था.’

लिहिलं होतं. पाच-सहाशेचं काम. बिल आधीच मोठं झालं होतं, पोराने रेघ मारली आणि ‘काका, आता बास’ ऐकायला नको म्हणून मी पेन त्याच्या हातात राहू दिलं. एरवी गुळगुळीत टायरवर मी कुणाला गेटबाहेर जाऊ देत नाही, भांडतो. आणि त्याहून टोचतं ते निराळंच. तो होज मी हात लावायच्या आधी होता तसाच राहिला असता, तर ती गाडी घाट एखाद्या म्हाताऱ्या अ‍ॅम्बेसेडरसारखी उतरली असती आणि ब्रेक तापलेच नसते. तिला पळायला लावलं ते मी, हेअर स्प्रेने.

गाडी न्यायला त्याचे वडील आले. काय झालं होतं, विचारलं. मी होजची गोष्ट रंगवून सांगितली, हेअर स्प्रेवर ते खूप हसले. घाटाबद्दल पोराने घरी काही सांगितलेलं दिसलं नाही, मीही सांगितलं नाही. बिल बघताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ब्रेक ऑइल, पुढे शून्य.

‘हे फुकट कसं?’

‘मागच्या वेळचं आहे,’ मी म्हटलं. ‘राहून गेलं होतं.’