दोन सुतांचे तेरा आठवडे: क्वाडमध्ये मोटोक्रॉसचं इंजिन बसवताना

"दहा दिवसांत देतो," असं मला सांगितलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी फ्रेम आणि इंजिन भांडुपच्या एका गाळ्यात उतरवलं आणि नोव्हेंबर लागल्यावर तिथून परत उचललं, तेही काम चुकीचं झालेलं. तेरा आठवडे. आता गाडी चालते, छान चालते, तरी लोकल भांडुपला थांबली की माझं डोकं अजून तापतं. क्वाडमध्ये (मातीत चालवायच्या चारचाकी बाइकमध्ये) मोटोक्रॉस बाइकचं (मातीच्या ट्रॅकवर रेस करायच्या बाइकचं) इंजिन बसवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांचे तरी एवढे दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

गाडी होंडाची ४००ईएक्स क्वाड. एका रिसॉर्टने काढून टाकलेली, मी आणि मावसभावाने मिळून घेतली. मुरबाडला मामांच्या शेताला लागून माळ आहे, त्यावर आम्ही दोघांनी फावड्याने उंचवटे करून ट्रॅक बनवलाय. गाडीला पासिंग नाही, रस्त्यावर ती उतरवायची नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून मुरबाडला ती छोट्या हत्तीतच जाते. मूळ इंजिन ३९७ सीसीचं, हवेवर थंड होणारं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.१ ला १. सहा वर्षांत त्याने एकदाही दगा दिला नाही. पण माळाच्या शेवटच्या चढावर, जिथे मातीचा भुगा होतो, तिथे ते दम टाकायचं. तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा, ही माझी हौस होती.

इंजिन पुण्यात मिळालं. रेसिंग करणाऱ्या एका मुलाच्या २००२च्या होंडा सीआरएफ४५०आर या मोटोक्रॉस बाइकची फ्रेम कामातून गेली होती, इंजिन धडधाकट होतं. ४४९ सीसी, ९६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ६२.१ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), कॉम्प्रेशन ११.५ ला १, पाण्यावर थंड होणारं. व्यवहार एका दुपारी झाला. जुनं इंजिन उतरवायला एक रविवार पुरला. रेडिएटर, कार्बुरेटर, केबली यांना दोन संध्याकाळी लागल्या. तिथवर मला वाटलं, गणपतीच्या आधी गाडी माळावर असेल.

राहिलं होतं फक्त माउंटिंग. फ्रेमवरचे जुने कान, म्हणजे इंजिन जिथे बोल्टने बसतं त्या पट्ट्या, कापायचे, नव्या इंजिनाला प्लेट बनवायच्या आणि आर्गन वेल्डिंग करायचं. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, व्हर्निअर रोज हातात असतं, पण आर्गनचा हात माझा नाही. गाळ्यातले मिस्त्री वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. कोणीतरी नाव सुचवलं, मी आठ हजार आगाऊ दिले.

पहिले दोन शनिवार फ्रेम ताडपत्रीखाली जशीच्या तशी. तिसऱ्या शनिवारी मामा गणपतीला गावी गेलेले. तिथून पुढचा शनिवारही गेला. पाचव्या आठवड्यात त्यांनी लाकडी पट्टी लावून मापं घेतली, तेव्हा मला फार बरं वाटलं. सहाव्यात आर्गनचा सिलिंडर संपलेला. आठव्यात जुने कान कापले आणि ते काम खरंच सुरेख केलं, ग्राइंडरची एक खूण फ्रेमवर नाही. मग नवरात्र, मग लेथचं बेअरिंग. दर वेळी चहा यायचा, दर वेळी "पुढच्या शनिवारी नक्की." मी घरी आलो की आई विचारायची, "झालं का रे?" आणि मी उत्तर न देता हातपाय धुवायला जायचो. फोनवर मी आवाज चढवला नाही, कारण फ्रेम त्यांच्याकडे होती. एकदा काम सोडून दिलं असतं तर? हीच भीती.

एक गोष्ट मी तीन वेळा सांगितली होती आणि कागदावरही लिहून दिली होती: नुसता टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारा, पूर्ण वेल्डिंगच्या आधी मला बोलवा. बाराव्या आठवड्यात गेलो तर इंजिन फ्रेममध्ये बसलेलं, चारही प्लेट पूर्ण वेल्ड केलेल्या, वर काळा रंगसुद्धा मारलेला. दिसायला देखणं. मी पिशवीतली स्टीलची पट्टी काढली, मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) तोंडाला लावली आणि पुढे बघितलं. पुढचं स्प्रॉकेट उजवीकडे आत गेलेलं. व्हर्निअर लावलं: सव्वासहा मिलिमीटर, म्हणजे जवळपास दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

"मामा, हे रेषेत नाही."

"किती आहे?"

"दोन सूत."

"अरे, दोन सुतानं काय होतंय? चेन घेते तेवढं सांभाळून."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाइकची आणि या क्वाडची चेन ५२० नंबरची. त्या नंबरातला ५ म्हणजे पिच (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर) पाच सूत आणि २० म्हणजे आतल्या पट्ट्यांमधलं अंतर दोन सूत. म्हणजे आमची चूक चेनच्या आतल्या रुंदीएवढी होती. अशी चेन आधी स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाते आणि मग जोरात असताना उतरते. उतरलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली की इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, फोडते. ज्या इंजिनासाठी पुण्याला गेलो, त्याची केस दोन सुतांपायी फुटू द्यायची?

मामा म्हणाले, मागच्या हबला पॅकिंग टाकून स्प्रॉकेट आत घेऊ. टाकून बघितलं. चेन स्विंगआर्मला, म्हणजे मागचा अॅक्सल धरणाऱ्या वर-खाली हलणाऱ्या दांड्याला, घासायला लागली. मग म्हणाले, "आता पुढच्या शनिवारी बघू." त्या पुढच्या शनिवारी मी टेम्पो घेऊनच गेलो. उरलेले पैसे मागितले नाहीत, त्यांनीही काढले नाहीत.

चूक कुठे झाली ते मला टेम्पोत बसल्यावर कळलं. मामांनी इंजिन फ्रेमच्या मधोमध ठेवलं होतं. सिलिंडर बरोबर मध्ये, डोळ्याला सरळ. पण इंजिन मधोमध असायची गरजच नसते. मागचं स्प्रॉकेट अॅक्सलवर ठरलेलं आहे, पुढचं त्याच्या रेषेत आणायचं आणि सिलिंडर जिथे येईल तिथे येऊ द्यायचा. पहिलं माप स्प्रॉकेटचं, बाकी सगळं त्याच्यावरून. दुसरं माप पुढच्या स्प्रॉकेटपासून स्विंगआर्मच्या पिव्हटपर्यंतचं (तो ज्या बोल्टाभोवती हलतो तिथपर्यंतचं). ते जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेवा, नाहीतर मागचा सस्पेन्शन वर-खाली होताना चेन कधी ताठ, कधी लोंबती होते. सीआरएफ बाइकमध्ये पिव्हटचा बोल्ट इंजिनाच्या मागच्या कानांतूनच जातो, म्हणून तिथे हा प्रश्न जवळजवळ मिटलेला असतो. क्वाडच्या फ्रेममध्ये आपल्याला तो आपल्या हाताने सोडवावा लागतो. हे सगळं मी त्यांना कागदावर आकृती काढून द्यायला हवं होतं. "टॅक मारा" एवढंच लिहून भागत नाही.

घरी आल्यावर कार्डबोर्डवर एकास एक मापाची आकृती काढली. प्लायवूडच्या प्लेट कापून इंजिन फ्रेममध्ये टांगलं, स्प्रॉकेट जुळवली, चेन चढवली, स्विंगआर्म वर-खाली केला. मग तीच प्लायवूडची प्लेट नमुना म्हणून साकीनाक्याच्या दुसऱ्या एका टर्नरकडे नेली. सहा मिमीची प्लेट, १०.९ ग्रेडचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून मी आधीच आणले होते. त्याने माझ्यासमोर टॅक मारला, मी पट्टी लावली, मग वेल्डिंग. दोन दुपारी. तिथे उभा असताना मला रडू यायचं बाकी होतं. वेल्डिंग करताना अर्थची क्लिप नेहमी प्लेटवर, इंजिनावर कधीच नाही. करंट क्रँकच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगला खड्डे पडतात. इग्निशनचा डबाही आधी काढून ठेवा.

गिअरिंगचं सांगायचं राहिलं. बाइकला १३ आणि ४८ दातांची स्प्रॉकेट येतात, पण बाइकचं मागचं चाक टायरसकट जवळपास २७ इंच आणि ४००ईएक्सचं २० इंच. म्हणून मागे ३६ दातांपाशी बाइकच्या तोडीचं गिअरिंग मिळतं. मी १३ आणि मूळचं ३८ ठेवलं, मागे दात जास्त म्हणजे ओढ जास्त, कारण क्वाड जड.

हे जडपणच सगळ्याच्या मुळाशी आहे. सीआरएफ४५०आर कोरडी शंभर किलोच्या आसपास, ४००ईएक्स १७०च्या आसपास. बाइकचं एक अरुंद टायर घसरतं आणि इंजिनाला थोडा श्वास मिळतो. क्वाडची दोन रुंद टायरं एकाच सरळ अॅक्सलवर माती धरून बसतात आणि तो सगळा भार क्लचवर आणि गिअरबॉक्सवर येतो. माझ्या क्लचच्या बास्केटवर (क्लचच्या प्लेट धरणाऱ्या वाटीवर) दहा तासांतच खाचा दिसायला लागल्या.

पहिल्या दिवशी माळावर शेवटचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. वर पोचल्यावर मावसभाऊ खालून हात हलवत होता आणि मला त्याचा आवाजही ऐकू येत नव्हता. त्या एका चढासाठी मी हे सगळं पुन्हा करेन. मात्र पुढच्या वळणांत हळू जाताना पंधरा मिनिटांत पाणी उकळलं. बाइकवर रेडिएटर वाऱ्यात उघडे असतात, इथे ते पुढच्या प्लास्टिकमागे लपतात. पंखा लावावा तर या इंजिनाची कॉइल फक्त इग्निशनपुरती, लाइटचा करंटच नाही. शेवटी जास्त दाबाची कॅप, प्लास्टिकला हवेची खिडकी आणि सात अँपिअर-अवरच्या वेगळ्या बॅटरीवर छोटा पंखा. बॅटरी तासभर पुरते, ती घरी चार्ज करून आणायची. हलक्या फ्लायव्हीलमुळे (इंजिनाची गती टिकवणाऱ्या चक्रामुळे) हळू वळणात इंजिन बंद पडायचं तेही वेगळं. त्याला वजन जोडलं तेव्हा थांबलं.

भरवशाचं विचाराल तर हे तासांवर जगणारं इंजिन आहे. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, दोन्ही पाऊण लीटरच्या आत. एवढ्या तेलावर जड क्वाड ओढायचा असेल तर दर पाच तासांनी बदला, मी बदलतो. हे इंजिन रेससाठी बांधलेलं, तिथे पिस्टन आणि रिंगांचं आयुष्य पंधरा-वीस तासांत मोजतात. इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व टायटॅनियमचे. मुरबाडची लाल धूळ एअर फिल्टरमधून थोडी जरी गेली तरी त्यांचा वरचा थर झिजतो आणि व्हॉल्व सीटमध्ये खोल बसत जातो. माझं इनटेक क्लिअरन्स (बंद व्हॉल्ववर ठेवायची फट) ०.१६ मिमी लावलेलं, अकराव्या तासाला ०.०८ आलं. शिम (पातळ चकती) बदलून ते परत लावता येतं, पण झीज थांबत नाही, पुन्हा कमी होतंच. मी स्टीलचे व्हॉल्व टाकले, आणि ते जड म्हणून स्प्रिंगही कडक. हे दोन्ही एकत्रच करायचं असतं.

ही हौस नवी नाही. होंडाच्या टीआरएक्स२५०आर क्वाडच्या फ्रेममध्ये सीआर५००आरचं ४९१ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवणारे अमेरिकेत कितीतरी होते. पण होंडाने स्वतः २००४मध्ये टीआरएक्स४५०आर क्वाड काढली तेव्हा सीआरएफचं इंजिन जसंच्या तसं उचलून ठेवलं नाही. कॉम्प्रेशन १०.५ ला १वर आणलं, फिरणारं वजन वाढवलं, गिअर बदलले. म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो: दिवसभर, आठवडाभर, पाहुण्यांना बसवून चालवायची असेल तर ४००ईएक्सचं इंजिन काढू नका. माझं जुनं इंजिन मी तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलंय, विकलेलं नाही. आणि फ्रेमवरचे त्याचे मूळ कान कापले गेले याचं दुःख मला आहे, कारण ते परत बसवायचं झालं तर पुन्हा कोणाच्या तरी गाळ्यात जावं लागेल.

आवर-मीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) हा पहिल्या दिवशी लावायचा. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्तातला मिळतो. मी तो आठव्या दिवशी लावला, म्हणून माझे तासांचे आकडे पहिल्या आठवड्याचा अंदाज धरून आहेत. सध्या चौदा झालेत, पिस्टन मागवलाय.

आणि किक. ४००ईएक्सला बटण स्टार्ट होतं, या इंजिनाला फक्त किक, उजव्या बाजूला. प्लेटला टॅक मारण्याआधी किकचा दांडा पूर्ण खालपर्यंत फिरवून बघा. माझा उजव्या फूटरेस्टच्या कंसाला अर्ध्यातच अडत होता, साकीनाक्याला तो कंस अंगठ्याएवढा पुढे सरकवावा लागला. आता दुसऱ्या किकला सुरू होते.