एन ५२ च्या नादात तीन दांडे बनवले, तेव्हा कुठं मॅग्नेट कळला

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडं मिरची कांडपाचा सीझन सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत घरात नुसत्या शिंका. आईचा डंक (मिरची कुटायचं यंत्र) आहे, शेजारी हळद-धण्यासाठी एक पल्वरायझर आहे, आणि मी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी वजनकाट्यावर बसतो. सांगलीकडं तिखटाला चटणीच म्हणतात हे माहीत असेलच, तर दोन सीझनमागं एक वहिनी कुटून नेलेल्या चटणीचा डबा घेऊन परत आल्या. भांडल्या बिंडल्या नाहीत. डबा उघडला, फ्रिजवरचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चटणीत दोनदा फिरवला आणि आईपुढं धरला. पिशवीला बारीक काळी लव उभी राहिलेली. मोबाईलवर असले व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत, पण आपल्याच चटणीत बघितल्यावर पोटात गोळा येतो. आई म्हणली, मुसळ लोखंडाचं, कुंडी लोखंडाची, झिजणारच की. बरोबर होतं तिचं, पण वहिनींना ते सांगून काय उपयोग.

मग ठरवलं की चाळणीच्या खाली मॅग्नेटचे दांडे लावायचे, मोठ्या मसाल्याच्या युनिटमध्ये असतात तसे. स्टीलच्या पाइपात निओडिमियम मॅग्नेट भरलेले असतात, चटणी वरून सांडते आणि लोखंड दांड्याला चिकटून राहतं. अशा दांड्यांची तयार जाळी महाग वाटली. आयटीआय केलेला माणूस मी, म्हणलं यात काय एवढं, मॅग्नेट मागवू आणि पाइपात भरू.

ऑनलाइन बघितलं तर एन ३५, एन ४२, एन ५२ असे आकडे. आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त, एवढं कुणीही सांगेल, म्हणून डोळे झाकून एन ५२ घेतले, २० मिलिमीटर व्यासाच्या ५ मिलिमीटर जाड चकत्या, वीस नग. वर लिहिलेलं "१४,५०० गॉस", गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप. एका चकतीचं वजन जेमतेम १२ ग्रॅम, पण पहिल्याच दिवशी दोन चकत्या टेबलावरून एकमेकींवर झेपावल्या आणि मधे माझं बोट. काळानिळा फोड आठवडाभर राहिला आणि एका चकतीचा टवका उडाला तो वेगळाच. हे मॅग्नेट धातूसारखे चकचकीत दिसतात पण आतून ठिसूळ, पावडर दाबून भट्टीत भाजलेले असतात, वरचं निकेल नुसतं कोटिंग. टवका उडाला की तिथून गंज धरतो आणि पुढं राखाडी भुकटी व्हायला लागते, त्यामुळं हे उघडे खाण्याच्या पदार्थात कधीच ठेवायचे नाहीत, ड्रिल तर मारायचंच नाही, कोटिंग तर जातंच आणि निघालेली पावडर पेट घेते.

पहिला दांडा बनवला तो म्हणजे हसण्यावारी न्यायचा प्रकार. वीसच्या वीस चकत्या आपोआप एकमेकींना चिकटल्या, छान कांडी झाली, ती तशीच रेलिंगच्या स्टील पाइपात सरकवली. दोन्ही टोकांना लोखंडाचा कीस मिशीसारखा चिकटला आणि मधल्या भागात काहीच नाही. मला वाटलं मधले मॅग्नेट खराब आले. खराब काही नव्हते. सरळ चिकटवलेल्या वीस चकत्या म्हणजे एक लांब मॅग्नेट, त्याला ध्रुव दोनच, दोन टोकांना. शाळेत पट्टी चुंबकावर लोहकीस टाकून हेच बघितलं होतं की राव, पण पेपरात लिहिण्यापुरतं. दांड्यात मॅग्नेट उलटे भरायचे असतात, उत्तरेसमोर उत्तर, दक्षिणेसमोर दक्षिण, मधे लोखंडाची पातळ चकती, म्हणजे दोन्हीकडची चुंबकरेषा त्या लोखंडातून बाजूला बाहेर फेकली जाते आणि दांड्यावर ठराविक अंतरावर जोरदार कडी तयार होतात.

हे करताना अजून एक शंका आली. १४,५०० गॉस म्हणतात तेवढं काही जाणवत नव्हतं. माझा एक मित्र भोसरीला मोटारचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, गावी आला तेव्हा गॉसमीटर घेऊन आला. चकतीच्या मधोमध प्रोब टेकवला तर २,६५० च्या आसपास. मी म्हणलं फसवलं, १४ हजार कुठं आणि अडीच हजार कुठं! तो म्हणला, फसवलंय, पण तू समजतोस तसं नाही.

मग त्यानं चहा पिता पिता जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या चकत्यांचे पैसे वाचले असते. १४,५०० हा आकडा त्या मालाचा आहे, त्याला बीआर म्हणतात, म्हणजे माल पूर्ण मॅग्नेटाइझ केल्यावर त्याच्या आत किती शिल्लक राहतं ते. हातातल्या तुकड्याच्या पृष्ठभागावर किती मिळणार हे त्याच्या आकारावर ठरतं. चकतीचं गणित सोपं आहे: जाडीचा वर्ग अधिक त्रिज्येचा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्यानं जाडीला भागायचं आणि बीआरच्या निम्म्यानं गुणायचं. माझ्या चकतीला जाडी ५, त्रिज्या १०. खरा एन ५२ असता तर साधारण ३,२४० गॉस यायला हवे होते. १२,००० बीआर धरला तर उत्तर येतं २,६८० आणि १२,००० म्हणजे एन ३५. म्हणजे मला एन ५२ च्या भावात एन ३५ मिळालेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, निकेलची चमक तीच, त्यामुळं मीटर नसेल तर ओळखायचं कसं हा प्रश्नच.

मीटर नसलेल्यांसाठी त्यानंच युक्ती सांगितली. मोबाईलमध्ये होकायंत्राचा सेन्सर असतो, त्याचं मायक्रोटेस्ला (हे पण चुंबकाच्या जोराचंच माप) दाखवणारं ॲप फुकट मिळतं. मॅग्नेट मोबाईलला टेकवायचा नाही, १० सेंटिमीटर लांब पट्टीवर एकाच खुणेवर, एकाच दिशेनं ठेवायचा. आधी मॅग्नेट नसतानाचं रीडिंग घ्यायचं (पृथ्वीचं स्वतःचं ४० च्या आसपास असतंच) आणि ज्या अक्षावर मॅग्नेट आहे त्याच अक्षाचा फरक बघायचा. माझ्या मापाच्या चकतीला एन ५२ असेल तर ३६० च्या आसपास, एन ३५ असेल तर ३००. मोबाईलमध्ये सेन्सर नेमका कुठल्या कोपऱ्यात आहे हे माहीत नसतं म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, खात्रीचा एक मॅग्नेट त्याच मापाचा ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. नंतर मोबाईलचं होकायंत्र दोन दिवस वेड्यासारखं वागतं, मोबाईल हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवला की ठीक होतं.

आता तो ५२ आकडा नक्की कशाचा? तो आहे ऊर्जेचा, मेगागॉस ओर्स्टेड नावाच्या एककात, एका ठराविक घनफळाचा माल जास्तीत जास्त किती काम देऊ शकतो ते. स्पीकरमागचा काळा फेराइट असतो ना, तो याच मापात ३-४ भरतो, म्हणजे निओडिमियम दहापटीच्या वर. पण ३५ आणि ५२ मधला फरक आपण समजतो तेवढा नाही. ऊर्जेत दीडपट, गॉसमध्ये मात्र वीस-एकवीस टक्केच, आणि ओढायचा जोर गॉसच्या वर्गानं वाढतो म्हणून तो परत दीडपटीच्या जवळ जातो. गुळाचा नंबर आणि ढेपेचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत तसंच हे, नंबर मालाचा, ताकद ढेपेची. तोच २० चा मॅग्नेट ५ ऐवजी १० मिलिमीटर जाड घेतला तर साधा एन ३५ पण ४,२०० च्या वर जातो, म्हणजे पातळ एन ५२ ला सरळ मागं टाकतो. हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. (अमुक किलो ओढतो असं लिहितात ते पण जाड लोखंडी प्लेटवर, सरळ उभं ओढून मोजलेलं असतं. कपाटाच्या पातळ पत्र्यावर, मधे रंगाचा थर, आणि वजन खाली घसरतंय, अशा वेळी त्याच्या पाव भाग मिळाला तरी नशीब.)

एवढं शहाणपण आल्यावर दुसरा दांडा. यावेळी खात्रीच्या ठिकाणाहून एन ५२, १० मिलिमीटर जाड, मोबाईलवर तपासून घेतले, उलटे भरले, मधे लोखंडाच्या चकत्या. उलटे मॅग्नेट पाइपातून बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर येतात, लाकडी दांडक्यानं दाबून धरायला दोन माणसं लागली. दांडा झकास झाला, किसाची कडी बघून आई पण खूश. फक्त टोक बंद करायचं राहिलेलं, ते फॅब्रिकेशनवाल्याकडं नेलं, त्यानं टोपण ठेवून वेल्डिंग मारलं, पाच मिनिटांचं काम. घरी आणून बघतो तर वेल्डिंगकडची पहिली दोन-तीन कडी जवळजवळ मेलेली! कीस चिकटतोय पण फुंकर मारली की पडतोय. त्या वेल्डरची चूक नाही, त्याला मी सांगितलंच नव्हतं आत काय आहे, आणि सांगायचं तर मलाच कुठं माहीत होतं.

साधा एन ५२ म्हणजे ज्याच्या मागं अक्षर नाही, तो ८० डिग्रीपर्यंतचाच. आकड्याच्या मागचं अक्षर ही खरी भानगड आहे आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. एम म्हणजे १००, एच म्हणजे १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. ही मर्यादा ओलांडली की मॅग्नेट थंड झाल्यावरही गेलेली ताकद आपोआप परत येत नाही. मर्यादेच्या आत गरम झाला तर डिग्रीमागं साधारण ०.११ ते ०.१२ टक्के कमी होते आणि गार झाला की परत येते, ते वेगळं. आणि ८० म्हणजे पण काही दगडावरची रेघ नाही, चकती पातळ असेल किंवा दांड्यासारखे मॅग्नेट एकमेकांविरुद्ध दाबून बसवले असतील तर त्यांच्यावर उलटा दाब आधीच असतो, मग ते ८० च्या बऱ्याच आधी मान टाकतात. सगळ्यात वरचा आकडा आणि सगळ्यात वरचं अक्षर एकत्र मिळत पण नाही. उष्णता सोसायला मालात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम नावाचे दुर्मिळ धातू घालतात, आणि ते घातलं की ताकद थोडी कमी होते. १९८२ साली जपानमधल्या सुमितोमो कंपनीत ज्यांनी हा मॅग्नेट शोधला त्याच मासातो सागावा यांनी हा डिस्प्रोशियमचा मार्ग पण काढला. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट दुसऱ्याच पद्धतीनं त्याच मालापर्यंत पोचले होते.

मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. तापमान मोजायची बंदूक आणून पल्वरायझरच्या तोंडाशी धरली, धणे चालू असताना ६८ ते ७०. हात ठेवता येत नाही एवढं. म्हणजे तिथं अक्षर नसलेला एन ५२ बसवणं म्हणजे सीझनभरात हळूहळू मारणंच झालं असतं, वेल्डिंग नसतं मारलं तरी. एन ४२ एसएच घ्यायचं ठरवलं, गॉसमध्ये एन ५२ पेक्षा दहा-अकरा टक्के कमी, पण उष्णतेची चिंता नाही. आणि माझं नशीब बघा, ठरवलं एप्रिल २०२५ मध्ये, नेमकं त्याच महिन्यात चीननं डिस्प्रोशियम-टर्बियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. गाड्यांच्या कंपन्या हवालदिल झाल्या, तिथं माझ्या चौतीस नगांना कोण विचारतंय. साधे मॅग्नेट हवे तेवढे घ्या म्हणले, एसएच म्हणलं की "बघून सांगतो". शेवटी एका जुन्या डीलरकडं शिल्लक स्टॉक निघाला, मधे भोक असलेल्या चकत्या, जरा जास्त पैसे मोजून घेतल्या.

भोक असल्यामुळं तिसरा दांडा सोपा गेला. आधी पाइपाचं एक टोक रिकामंच वेल्ड करून घेतलं, पूर्ण थंड झाल्यावर मॅग्नेट आणि लोखंडाच्या चकत्या स्टीलच्या आट्याच्या सळईवर ओवून नटानं आवळल्या, आत सरकवलं आणि दुसरं टोक आट्याच्या टोपणानं बंद. गॉसमीटरवर कड्यांच्या ठिकाणी ५,८०० च्या आसपास. बाजारात दहा-बारा हजारचे दांडे सांगतात, तेवढं माझं नाही, पण पाइपाची जाडी आणि माझा २० चा व्यास बघता मित्र म्हणला ठीक आहे. पाइप जेवढा जाड तेवढं मॅग्नेट आणि चटणीतलं अंतर वाढतं आणि या खेळात एक मिलिमीटरसुद्धा महाग पडतो.

वेल्डिंगमध्ये मेलेले तीन मॅग्नेट मित्र भोसरीला घेऊन गेला. कंपनीच्या मॅग्नेटायझरमध्ये एक झटका दिला आणि ते परत पहिल्यासारखे झाले, फक्त निकेल एका बाजूनं पिवळट पडलेलं. माल जळालेला नव्हता, नुसता विसरला होता म्हणे.

आता दांडे दोन सीझन चालू आहेत. दर दोन तासांनी आई कागदानं पुसून काढते आणि निघालेलं काळं बाटलीत भरून काउंटरवर ठेवते, बघायला सगळ्यांना. पण एक गंमत सांगायची राहिली. एकदा संकेश्वरीचं पोतं रिकामं केलं आणि तळाला उरलेली धूळ, न कुटलेली, मुसळ न लागलेली, मी सहज दांड्यावर सांडली. तीच काळी लव. मिरच्या वाळवायला जमिनीवर पसरतात, आपल्याकडची माती काळ्या कातळाची, त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं काळं खनिज, असतंच. अंगणातली माती दांड्यावर धरली तर ती पण चिकटली. आईनं ते बघितलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या वहिनी मिरच्या घेऊन आल्या तेव्हा कुटायच्या आधी त्यांच्याच पोत्याचा तळ त्यांच्यासमोर दांड्यावर झटकला.