टुणुक टुणुक

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली सहा-सात पोरं संध्याकाळी माझ्याकडे गोष्टींना येतात. वयं पाच ते नऊ. मोठी वाचतात, धाकटी चित्रं बघतात आणि मधूनमधून बिस्किटांची चौकशी करतात. परवा म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट काढली. ही मला इतकी तोंडपाठ आहे, की सांगता सांगता मी मनात उद्याच्या डब्याची भाजी ठरवू शकते. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा," असं वाघोबाला सांगून म्हातारी सुटली, लेकीकडे राहिली, गुटगुटीत झाली आणि भोपळ्यात बसून परत निघाली.

"भोपळ्यात कशी बसेल?" पाच वर्षांची म्हणाली. तिने हवेत हातांनी भोपळा काढून दाखवला, तो चंद्रकोरीसारखा होता. बाईंनी अख्खा लाल भोपळा जन्मात पाहिला नव्हता. मी तरी कुठे अख्खा आणते? पाव किलोची फोड, तीही भाजीवाल्याकडून सालं काढून. तिची म्हातारी इतका वेळ होडीत बसावी तशी फोडीवर बसून चालली होती.

मग नऊ वर्षांचे साहेब उठले. "पण तिने वाघाला प्रॉमिस केलं होतं. ही चीटिंग आहे." मला काही सुचेना. इतकी वर्षं मी वाघाच्या बाजूने विचारच केला नव्हता. उत्तर कोपऱ्यातून आलं, "वाघाने तिला विचारलं होतं का, खाऊ का म्हणून?" यावर बराच कल्ला झाला. शेवटी म्हातारीचं बरोबर ठरलं, पण एका मतानेच.

"सिंड्रेलाचापण भोपळाच होता," कुणीतरी म्हणालं. खरंच की. शार्ल पेरो या फ्रेंच गृहस्थाने 1697 साली ती गोष्ट छापली, त्यात परी आधी भोपळा कोरते, फक्त साल ठेवते आणि मग छडी मारते. म्हणजे आपल्या म्हातारीच्या लेकीने केलं तेच, छडी तेवढी जास्तीची. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या सिंड्रेलात भोपळ्याचा पत्ताच नाही. तिथे आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड मुलीला कपडे देतं. पोरांच्या मते आपलाच भोपळा भारी, कारण त्याला बाराची वेळ पाळावी लागत नाही.

आणि तो फक्त आपलाच आहे असंही नाही. बंगालात म्हातारी लाऊमध्ये, म्हणजे दुधी भोपळ्यात बसून गडगडत जाते. इराणात तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, तीही लेकीकडूनच परत येत असते आणि तिचं वाहन कदू. आपल्या हिंदीतल्या कद्दूचा सख्खा भाऊ. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, तो इकडे यायच्या आधी आपलीही म्हातारी दुधीतच बसत असणार, असा माझा एक फुकटचा अंदाज आहे.

पोरं गेल्यावर बिस्किटांचा चुरा गोळा करताना मात्र मी भलत्याच ठिकाणी अडकले. लेकीकडे जाईन. मला ही गोष्ट आजीने सांगितली. तिच्या पिढीत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबाप जेवत नसत. कडक माणसं पाणीसुद्धा पीत नसत. आजी स्वतः माझ्या आत्याकडे गेली की संध्याकाळच्या गाडीने परत. आणि तीच आजी आम्हाला अंथरुणात घेऊन रोज रात्री लेकीकडे जात होती, तूपरोटी खात होती, जाडजूड होत होती! गोष्टीत जावई नाही. व्याही-विहीण नाहीत. "किती दिवस राहणार?" असं कुणी विचारत नाही. वाघ-कोल्हे सगळे घराबाहेर, घरात फक्त लेक आणि तूप. आजीचा आवाज तूपरोटीपाशी जरा रेंगाळायचा, असं आता वाटतं. की मीच तो आता रेंगाळवते आहे, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंकडे गेले. अख्खा भोपळा दाखवायला मला तेवढंच ठिकाण माहीत होतं. त्यांनी गवसणी काढून तंबोरा आडवा ठेवला. मिरजेचा. त्याच्या तळाशी जो गरगरीत पोटाचा भाग असतो त्याला भोपळाच म्हणतात आणि तो खराखुरा भोपळाच असतो. भीमेकाठी, पंढरपूरच्या बाजूला पिकवलेला, वाळवून आतून कोरलेला. पाच वर्षांच्या बाईंनी त्याच्याभोवती दोन्ही हात घातले. ते पुरले नाहीत. मग टकटक केलं, कान लावला आणि बराच वेळ हिशेब केला.

"मी मावेन," ती म्हणाली. "आजी नाही मावायची. तिला मांडी घालता येत नाही."