तुम्ही विचारलंत म्हणून: "गाळून का नाही घेत?"

रक्तातून बॅक्टेरिया वेगळे करायच्या चिपवर काम करते म्हटलं की लग्नात काय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय, पुढचा प्रश्न ठरलेला. अगं मग गाळून घ्या की, एवढी वर्षं काय चाललंय?

तर एकदाच सांगते. सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच निकामी होऊ लागलेल्या पेशंटच्या 1 मिली रक्तात लाल पेशी साधारण 500 कोटी, आणि बॅक्टेरिया कित्येकदा 10 सुद्धा नसतात. चाळणी लावावी तर लाल पेशी 8 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) असूनही 3 मायक्रॉनच्या फटीतून दुमडून आरामात निघून जाते, वर प्लेटलेट्स 2-3 मायक्रॉनच्या आणि बॅक्टेरिया 1-2. घ्या गाळून! म्हणून आम्ही चिपवर स्पायरल चॅनल, म्हणजे गोल गोल वळत जाणारी बारीक नळी वापरतो, रक्त वेगात वळलं की मोठ्या पेशी आतल्या भिंतीला लागतात आणि बारीक बॅक्टेरिया बाहेरच्या अंगाला जातात. पण त्यासाठी रक्त पातळ करावं लागतं, 10 मिलीचं 200 होतं, मिनिटाला 1 मिली सोडलं तरी तीन तास गेले.

काका आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. लघवीच्या इन्फेक्शनवरून सुरू झालं आणि बीपी पडलं. ब्लड कल्चर (रक्तातले बॅक्टेरिया वाढवून ओळखायची टेस्ट) पाठवलेलं, रिपोर्टला दोन-तीन दिवस, तोवर डॉक्टरांनी अंदाजाने अँटिबायोटिक चालू केलेलं. बाहेर बाकड्यावर चुलत बहीण म्हणाली, "ताई, तुझी ती चिप आण ना." टोमणा नव्हता हो, ती खरंच विचारत होती. मी आपली सांगत सुटले, की आमच्या टेस्ट निरोगी डोनरच्या रक्तात मुद्दाम ई. कोलाय हे बॅक्टेरिया घालून केलेल्या, तेही मिलीला लाखभर, पेशंटचं रक्त वेगळं, परवानग्या लागतात... तिने सगळं ऐकून घेतलं, हातातली औषधांची चिठ्ठी नीट घडी केली आणि म्हणाली, "बरं, पण आणलीस तर चालेल का?" रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला नावाचा बॅक्टेरिया निघाला, चालू औषधाला दाद न देणारा. रिपोर्ट आला तेव्हा काका नव्हते.

चिपने वाचले नसते. बॅक्टेरिया हाती लागले तरी कुठलं औषध चालेल ते वेगळं तपासावंच लागतं. पण 2006 च्या एका अभ्यासात बीपी पडल्यावर पहिल्या सहा तासांत योग्य औषधाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि हा आकडा प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर मीच टाकायचे, म्हणजे आशा मीच लावत होते ना लोकांना? फंडिंगसाठी टाकावाच लागतो, असंही तेव्हाची मी म्हणेल, आणि तिचंही काही अगदीच खोटं नाही.

आता मिलीला लाखभर नाही, 10 बॅक्टेरिया घालूनच चिप रन करते. कधी प्लेटवर चार कॉलनी (बॅक्टेरिया वाढून दिसणारे ठिपके) उगवतात, कधी एकही नाही, कारण दोन-तीन तर ट्यूबिंगलाच चिकटून बसतात. लॅबमधला एक मुलगा म्हणतो, कशाला वेगळे करत बसायचं, रक्तपेशी सरळ फोडून टाका, बॅक्टेरियाची भिंत टणक असते, ते उरतील. त्याच्याशी माझं रोज वाजतं आणि रोज मीच जिंकते असं नाही.