रेघांची नोंदवही: सडा, खळं, जेटी

मालिकेचं नाव तात्पुरतं ‘रेघ’ ठेवलंय. कोकणात माणसाने हाताने ओढलेली रेघ टिपायची, पण ती भिंतीवर टांगायला म्हणून ओढलेली नसावी, एवढाच नियम. सूर्यास्त, सुरूची बनं आणि होडीवर बसलेला बगळा यांना प्रवेश नाही. ते काढणारे भरपूर आहेत आणि माझ्याहून बरे काढतात.

गेल्या पावसाळ्यापासून आतापर्यंत जे जमलं आणि जे अडलंय ते इथे लिहिते.

सडा

सगळ्यात जास्त वेळ सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गेला. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातली कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर खोदलेली जुनी चित्रं, आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत 2022 साली कोकण किनारपट्टीवरची नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यात, कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसायमळ गोव्यात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून ही चित्रं शोधली नसती तर आपण आजही त्यांच्यावरून चालत गेलो असतो.

फोटोच्या दृष्टीने अडचण अशी की जांभा तांबडा-काळा, खडबडीत, भोकाभोकांचा, आणि खोदलेली रेघही त्याच रंगाची. डोक्यावर ऊन असताना चित्र समोर असूनही दिसत नाही. जवळ उभं राहून “कुठाय हत्ती?” म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. हिवाळ्यात सूर्य उगवल्यावरचा आणि मावळण्याआधीचा अर्धा-पाऊण तास काय तो आपला. ऊन कातळाला जवळजवळ समांतर येतं, खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि रेघ उठून दिसते. सूर्य पाठीशी न ठेवता बाजूला किंवा थोडा समोर ठेवायचा. रेघ उन्हाच्याच दिशेने धावत असेल तर सावली पडत नाही, म्हणून एकाच चित्राचे पाय सकाळी आणि पाठ संध्याकाळी टिपावी लागते. सूर्य गेल्यावर फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बाजूने मारला तरी हेच काम होतं. माझा फ्लॅश जुना आहे, हाताने ताकद कमी-जास्त करायचा. त्याला एवढं पुरतं.

देवाचे गोठण्याला जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथल्या मनुष्याकृतीच्या जागी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे तिथलं प्रसिद्ध नवल. फोनचं होकायंत्रही शेवटी चुंबकीय क्षेत्रावरच चालतं. त्यामुळे सूर्य कुठून येईल ते दाखवणारं ॲप त्या जागेवर उभं राहून पाहू नये. दिशा आदल्या दिवशी घरी नकाशावर बघून ठेवावी.

काशेळीचा हत्ती हे वेगळंच प्रकरण. लांबी सुमारे 18 मीटर, रुंदी सुमारे 13, आणि पोटात आणखी कितीतरी प्राणी. उभ्या माणसाच्या उंचीवरून वाइड लेन्स लावली की सोंड रस्ताभर लांब होते आणि मागचे पाय नाहीसे होतात. ड्रोन माझ्याकडे नाही. लांब बांबूच्या टोकाला फोन बांधून, दर दोन सेकंदांना आपोआप फोटो निघेल असं लावून, पट्ट्यापट्ट्याने टिपायचं आणि घरी संगणकावर जोडायचं, असं सुरू आहे. वाऱ्यात बांबू डोलतो. जोड अजून नीट बसलेला नाही.

मालिकेचा सूर मात्र जुलैत लागला. पावसाची सर थांबली की खाचांत पाणी राहतं. सगळा सडा ओला, काळपट, आणि त्यावर आभाळाच्या रंगाची रेघ! त्यासाठी ऊन लागत नाही, ढगाळ उजेडच बरा. कॅमेरा खाली आणायचा, आभाळ जिकडे उजळ असेल तिकडे तोंड करायचं, म्हणजे पाण्यातलं प्रतिबिंब आपल्याकडे येतं. लेन्सपुढचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवा. तो चकाकी मारतो आणि इथे चकाकी हेच चित्र आहे. उजेडाचं मापन कातळावर ठेवलं तर पाणी पांढरंफटक होतं, म्हणून मी पाण्यावर मोजते आणि कातळ काळा होऊ देते.

त्याच दिवसांत सड्यावर फुलंही येतात. पहिल्या पावसानंतर दीपकाडीचे पांढरे तुरे, मग गेंद, मग सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. सीतेची आसवं ही मांसाहारी वनस्पती. कातळावरच्या पातळ मातीत पोषण नाही, म्हणून मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. एप्रिलमध्ये जिथे चप्पल काढली तर पाय पोळतो, तिथेच हे. खोदलेल्या खाचेत चिमूटभर माती साठते आणि गेंद तिथे आधी उगवतो. एका चित्रात माशाच्या पाठीची रेघ अशी पांढऱ्या गेंदाने भरलेली मिळाली. सध्या तोच माझा आवडता फोटो.

एक मात्र स्पष्ट लिहिते. फोटोत रेघ उठावी म्हणून खाचेत खडू किंवा चुना भरणारे लोक अजून आहेत. करू नका. शेजारी कुणी करत असेल तर थांबवा. आणि चित्रावर चालू नका, अनवाणीही नको.

गणपतीची शाळा

श्रावणात आमच्या इथे घरोघरचे पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे कारखान्यात, जाऊन पडतात. कुणाचा पाट, कुणाची मूर्ती, उंची किती, हे सगळं पाटामागे खडूने लिहिलेलं. त्या लिहिलेल्या पाटांच्या चवडीचे मी काढलेले फोटो मूर्तींच्या फोटोंपेक्षा बरे उतरलेत. मूर्तिकारांनी मला शाळेत बसू दिलं, पण अट घातली: “ताई, आखणीच्या वेळी हलायचं नाही, बोलायचं नाही.”

आखणी म्हणजे डोळे. ते काम शेवटी, शक्यतो रात्री, वर्दळ कमी झाल्यावर. बारीक कुंचला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, श्वास रोखलेला. मी 85 मिमीची लेन्स लावून लांब बसले. तांत्रिक अडचण उजेडाची होती. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लवते. शटर वेगात ठेवलं की फोटोत आडवे काळसर पट्टे येतात. 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की जातात. हलणाऱ्या कुंचल्याला 1/100 कमीच पडतो, पण आखणी करणारा हात इतका सावकाश चालतो की निभावलं.

ट्यूब हिरवट, बाजूचा बल्ब पिवळा, दारातून येणारी रस्त्यावरची बत्ती पांढरी. रंग जुळवत बसण्यापेक्षा हा भाग काळ्या-पांढऱ्यात ठेवायचा असं ठरवलंय. घरच्यांना ते पटलेलं नाही. गणपती काळा-पांढरा कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

जेटी

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात, आणि बंदी संपत येते तशी रंगाची घाई होते. नारळी पौर्णिमेच्या आधी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आणि आजूबाजूच्या खाड्यांत फिरलं की पेंटर सापडतात. वरची पट्टी, खालची पट्टी, नाळेवरचा डोळा किंवा कमळ, देवाचं किंवा पीराचं नाव, आणि आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. क्रमांक स्टेन्सिलने होतो, नाव हाताने.

हाताने लिहिणारे कमी झालेत. छापील स्टिकर स्वस्त पडतो आणि तासाभरात लागतो. माझ्या मते स्टिकरने बोटीची रया जाते, पण डिझेलचा खर्च मला भरावा लागत नाही, तेव्हा माझ्या मताला किंमत किती ते उघड आहे. एका वयस्क पेंटरने दोरी खडूच्या भुकटीत बुडवून फळीवर ताणून टिचकी मारली आणि सरळ रेघ उमटली. पुढची सगळी अक्षरं त्या रेघेवर बसली. टिचकीच्या क्षणी उडालेली भुकटी 1/2000 वर मिळाली आहे. मी फोटो दाखवल्यावर ते म्हणाले, “दोरी कशाला काढलीत? नाव काढा की. नाव पुरं दिसू दे.” नावासकट पूर्ण बोटीचा फोटो छापून दिला. मालिकेत दोरीच राहील.

जेटीवर खारा वारा. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवते, आणि घरी आल्यावर कॅमेरा आधी ओलसर फडक्याने पुसायचा, मग कोरड्या. नुसतं कोरडं फडकं फिरवलं तर मिठाचे कण काच ओरखडतात. पावसाळाभर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, आत आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. आपल्या हवेत उघड्या कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी येणारच.

खळं

कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं, पण मालिकेतली सगळ्यात सुंदर रेघ शेणाची आहे.

भातं झाली, पाऊस पुरता गेला की अंगणाचं खळं करतात. माती ओढायची, चोपण्याने चोपायची, मग सारवायचं. सारवणारी बाई उकिडवी बसून मागे मागे सरकते आणि हाताचा फराटा अर्धगोल फिरवते. प्रत्येक फराट्याची लांबी तिच्या हाताएवढी. बोटांच्या चार-पाच बारीक समांतर रेघा त्यात उमटतात, आणि एक फराटा दुसऱ्यावर माशाच्या खवल्यांसारखा चढत जातो. दोन घरांची सारवणं शेजारी ठेवली तर हात वेगळे ओळखू येतात. कुणाचा फराटा आखूड आणि घाईचा, कुणाचा लांब, संथ.

ओलं असताना, सकाळचं ऊन तिरपं असताना, फार तर वीस मिनिटं या रेघा दिसतात. वाळलं की गेल्या. इथेही सड्यावरचाच नियम, ऊन समोरून घ्यायचं. मी ओट्यावरून खाली वाकून काढत होते तर काकी म्हणाल्या, “फोटो कसले काढतेस गो शेणाचे? सुकू दे, कणे घालते, मग काढ.” त्यांनी नंतर खरोखरच तुळशीपुढे सुरेख कणे, म्हणजे रांगोळी, घातले. तेही काढले. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढतात, तेही आहेत. पण सारवणासमोर ते जरा ठरवून केल्यासारखे वाटतात.

सिंधुदुर्गात

तिकडे फेऱ्या कमी झाल्या, म्हणून थोडक्यात. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, पाहिली. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला की कागदाची सुरकुतीही दिसते आणि रंगाला इजा नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या खेळाचे 120 पत्ते, दहा रंगांचे प्रत्येकी बारा. लाखेची चकाकी आवरता आवरत नाही. तिथे मात्र पोलरायझर हवाच, आणि दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावून पाहायची आहे.

दशावताराच्या रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागी, एका जत्रेला बसायला मिळालं. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात. पेटाऱ्याला टेकवलेला आरसा, वर एक बल्ब, मांडी घालून बसलेला माणूस भुवईची रेघ ओढतो आणि बघता बघता राणी होतो. आयएसओ 3200, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं. विचारल्याशिवाय कॅमेरा काढला नाही आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांचे काढले नाहीत. रंगमंचावरचे फोटो मी घेतच नाही, ते उजेडाच्या रंगीत झोतांनी बिघडतात.

शिमगा या मालिकेत बसत नाही. पालखी नाचते तेव्हा सगळंच हलतं, रेघ कुठली धरणार? त्याची मालिका वेगळी.

नियमात न बसणारं

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूवर मी अडकले आहे. काळेपणा इल्मेनाइट या खनिजाचा. तो साध्या वाळूपेक्षा बराच जड, त्यामुळे परतणारी लाट हलके कण नेते आणि काळे मागे ठेवते. वाळूवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उरते. त्यावर बारीक खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती रांगांनी टाकत जातात. माणसाचा हात यात कुठेच नाही. नियमाने हे बाद. पण दीपकाडी आणि गेंद आत आले तेव्हा नियम कुठे होता, असं मैत्रीण विचारते. गेंद खोदलेल्या रेघेत उगवला म्हणून आत आला, हे माझं उत्तर. ती हसते.

तरी काढणार आहे, वेगळ्या फोल्डरात. वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी पावणेसात ते साडेसातच्या सुमाराला पाणी पुरतं आत गेलेलं असतं, ऊन तिरपं असतं आणि पर्यटक झोपलेले असतात. येत्या पौर्णिमेनंतर मांडवी, आणि वारा पडला असेल त्या दिवशी बांबू घेऊन पुन्हा काशेळी. बांबूऐवजी आंबे उतरवायच्या घळाची काठी वापरून बघणार आहे. ती हलकी असते आणि आमच्या पडवीत पडूनच आहे.