भट्टीवरची दिवाळी

रात्रीचे साडेअकरा. आत्ता कुठे बूड टेकलं. उद्या वसुबारस, त्यामुळे नानकटाई भाजून घ्यायला आज सकाळपासून आमच्या साताऱ्यातल्या बेकरीबाहेर रांग. घरचा मैदा, घरचं तूप, पिठीसाखर घेऊन बायका येतात. मळून, वळून, भाजून आम्ही देतो.

लाकडाच्या भट्टीला घाई चालत नाही. पाव निघाले की आच उतरू द्यावी लागते, मगच नानकटाईचे पत्रे आत. जरा आधी सरकवले की वरून लाल, आत कच्ची. रांगेत हे सांगून सांगून घसा बसला. पण कुणाच्या घरचं तूप वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं मी पाळतो.

संध्याकाळी एक आजी आल्या, एकट्याच. पिशवीत जेमतेम अर्धा किलो मैदा. "लेक येणारे मुंबईहून, तिला इथलीच लागते." त्यांचा पत्रा मी स्वतः लावला, एकेकीवर चारोळी दाबली. डबा भरताना वेलचीचा वास सुटला तशा आजी हसल्या आणि एक गरम नानकटाई माझ्या हातावर ठेवली. "आधी तू खा रे बाळा."

सकाळच्या चहानंतर पोटात गेलेलं ते पहिलंच काहीतरी. हाताला अजून तुपाचा वास आहे. चारला परत भट्टी पेटवायचीय.